प्रश्न पूर्ण होऊ द्यावा

…नाही हो, नळ दुरुस्त करायला कशाला? नळ दुरुस्त करायला आला असता तर पाच मिनिटांत आटपून गेला असता, तुम्हाला मी असं ताटकळत ठेवलं नसतं! रडायला आलाय. प्लंबर. आत. चार ते पाच ही त्याची वेळ, आता पाच वाजून दहा झालेत, म्हणजे तुमच्या तासातली दहा मिनिटं त्याने खाल्ली, कबूल आहे मला! पण आज त्याच्या थोरल्या भावाचा विषय निघालाय, आणि तुम्हाला सांगतो, थोरल्या भावाचा विषय निघाला की या इमारतीत कुणी कुणाला उठवत नाही. बसा तुम्ही. साहेब, तुम्हीपण टेका. काय म्हणालात बाई? 'आम्हाला पुन्हा…' कळलं मला! पुन्हा यावं लागणार नाही, आजच होईल, पूर्ण तास मिळेल. काय? हे नव्हतं विचारायचं? मग काय विच… बरं. राहिलं.

बघा. झालं ना पुन्हा?

हे काउंटरवरचं कार्ड बघितलंत? तुम्हाला तिकडून दिसायचं नाही, त्याचं तोंड माझ्याकडे आहे. 'प्रश्न पूर्ण होऊ द्यावा.' मोठ्या बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय. मोठ्या बाई म्हणजे इथल्या मुख्य. नवरा-बायको, सासू-सून, बाप-लेक, सगळ्या भांडणांच्या समुपदेशक. मी इथे लागून दोन महिने झाले होते, तेव्हा एक दिवस आलो तर हे कार्ड! रागावल्या नाहीत हो. रागवत नाहीत इथे कुणी, तोच तर डोक्याला ताप आहे. रागावल्या असत्या तर मी दोन शब्द परत बोललो असतो, मोकळा झालो असतो. कार्डाशी काय भांडणार?

आणि माझं तरी काय चुकतं, सांगा! सव्वीस वर्षं हो, बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत! माणूस खिडकीशी वाकला की त्याच्या पिशवीवरून मला कळायचं. हातात एक्स-रेचं मोठं पाकीट? मोठं हॉस्पिटल, फलाट दोन, दर वीस मिनिटांनी. डोळे सुजलेली बाई, एक मूल कडेवर, एक बोटाला? माहेर. आता माहेर कुठल्या गावाला एवढंच विचारायचं. तो 'अहो ती पाच…' म्हणेपर्यंत माझं 'फलाट तीन, पाऊण तास लेट' सांगून झालेलं असायचं. मागे चाळीस माणसांची रांग! सगळ्यांचे प्रश्न शेवटपर्यंत ऐकत बसलो असतो तर रांग पार रस्त्यावर गेली असती. लोक खूश होते माझ्यावर. साहेब म्हणायचे, 'तुझ्यासारखा चटपटीत माणूस या खिडकीला मिळाला नाही.' निवृत्त झालो, घरात बसून हिच्या डोक्याशी कटकट सुरू केली, म्हणून हिनेच मला इथे चिकटवलं. ही म्हणजे आमची ही. म्हणाली, 'तिथे सगळी ऐकणारी माणसं आहेत, जरा वाण नाही पण गुण लागेल.'

हे बघा, मी काय करतो, ही टिपॉयवरची वाळू उलटी करतो. वाळूचं घड्याळ हो, तीन मिनिटांचं. तीन मिनिटं बोलतो आणि गप्प बसतो. काउंटरवर गप्पा मारायची मला परवानगी नाही, म्हणून काउंटरच्या बाहेर येऊन खुर्ची टाकतो, अशी, तुमच्यासमोर. दाराकडे पाठ झाली तरी चालतंय, माझं लक्ष असतं. पूर्वी दाराला घंटी होती, कुणी आलं की टिंग. ती काढली. मुलं दचकतात म्हणे! आता दारातून हत्ती आत आला तरी कळायचं नाही.

तर नळ. आतल्या खोलीत चहाचा ओटा आहे, तिथला नळ गळायला लागला. टप… टप… टप. आता नळ गळतोय म्हटल्यावर तुम्ही-आम्ही काय करू? वायसर बदलू. इथे काय झालं? सोमवारच्या बैठकीत लहान मॅडमनी विषय काढला. लहान मॅडम म्हणजे पालकांचे वर्ग घेतात त्या, मुलांवर ओरडायचं नाही, मुलांना 'नाही' म्हणायचं नाही, असं शिकवतात. चांगलं शिकवतात हो! फक्त त्यांना स्वतःला जुळी मुलं आहेत. दुपारी तीन वाजता त्या फायलींच्या खोलीत जाऊन दार लावून घरी फोन करतात आणि मला बाहेर ऐकू येतं, 'आधी टेबलावरून खाली उतर! खाली! दोघंही!' मग दोन मिनिटांनी केस नीट करून बाहेर येतात, माझ्याकडे बघतात. मी रजिस्टरात बघतो. मी काही ऐकलेलं नसतं.

तर लहान मॅडम म्हणाल्या, 'नळ गळतोय, आणि त्या आवाजाने मला बेचैन होतं.' यावर सरांनी काय म्हणावं? सर म्हणजे हुंकार सर. खरं नाव वेगळं आहे, पण ते इतक्या प्रकारे 'हं' म्हणतात की दुसरं नाव शोभणारच नाही. एक 'हं' म्हणजे पुढे बोला. एक 'हं' म्हणजे असं खरंच झालं का. एक खोल गेलेला 'हंऽऽ' आहे, त्यावर मोठमोठी माणसं रुमाल काढतात, मी स्वतः पाहिलंय. सर म्हणाले, 'हं. म्हणजे तुम्ही असं म्हणताय की नळ गळतोय, आणि तुम्हाला बेचैन होतं.' 'हो, हेच.' मग मोठ्या बाई म्हणाल्या, 'ही बेचैनी तुम्ही किती दिवस एकटीने सोसताय?' अहो, नळ गळतोय! मी तिथे बैठकीची नोंद लिहायला बसलेलो, माझ्या हाताला मुंग्या आल्या! मी उठलो, म्हटलं मी बघतो. तर मोठ्या बाई इतक्या प्रेमाने म्हणाल्या, 'तुम्हाला लगेच उत्तर द्यावंसं वाटतंय.' बसलो खाली.

तीन आठवडे, तुम्हाला सांगतो, तीन आठवडे त्या नळाचं तिघांनी मन लावून ऐकलं. खाली ठेवलेली बादली दिवसातून दोनदा मी ओतत होतो. शेवटी मीच प्लंबरला फोन केला, कुणाला न विचारता. आला. धिप्पाड माणूस, हातात पाना, चेहरा असा की नळ बघूनच थांबला पाहिजे. आत गेला आणि लहान मॅडम सवयीने म्हणाल्या, 'दमलात का?' संपलं! एवढंच! दमलात का! त्याला आयुष्यात कुणी हे विचारलं नसावं. म्हणाला, 'दमलो म्हणजे… भावाने…' आणि सर म्हणाले, 'हंऽऽ.' तो खोलवाला.

सव्वा तासाने डोळे पुसत बाहेर आला. माझ्या हातात हात घेऊन म्हणाला, 'काका, फार हलकं वाटतंय.' मी म्हटलं, 'आणि नळ?' तो म्हणाला, 'नळ?'

तेव्हापासून दर शनिवारी चार वाजता येतो. पान्यांची पिशवी घेऊन येतो, पिशवी घेऊन जातो. नळ गळतोच आहे. ऐका… टप. ऐकू येतंय?

काय बाई? 'अहो, तिकडे…' कळलं मला! पाणी ना? तिकडे कोपऱ्यात, पेले खालच्या कप्प्यात. घ्या की. नको? मघाशी तर… बरं. वाळू संपली वाटतं. थांबा, परत उलटी करतो, विषय अर्धा राहिलाय.

हसू नका हो साहेब. हसण्यासारखं आहे, पण त्या प्लंबरला मी पहिल्यांदा आलेला पाहिलाय आणि आता पाहतोय. परवा त्याने भावाला फोन केला. अकरा वर्षांनी. वायसर कुणीही बदलेल, हे कोण करणार? मी इथे दीड वर्ष बसतोय, माणसं आत जातात तेव्हाचे चेहरे आणि बाहेर येतात तेव्हाचे चेहरे, दोन्ही मीच बघतो. आत काय होतं ते मला माहीत नसतं, विचारायचं नसतं. तुम्ही दोघं कशासाठी आलात ते मी विचारलं का? नाही विचारणार. पण एक सांगतो, आतली तीन माणसं काही देव नाहीत. सगळी गेली की मोठ्या बाई शेवटी दिवे मालवायला थांबतात, तेव्हा इतक्या थकलेल्या असतात की पायात चप्पल सरकवायलाही त्यांना भिंत धरावी लागते. आणि मग माझ्या काउंटरला टेकून म्हणतात, 'सांगा बघू, नदीपलीकडच्या गावाला शेवटची गाडी किती वाजता?' मी म्हणतो, 'आठ चाळीस, फलाट सहा, पुढच्या दाराने चढा, मागचं अडकतं.' त्या डोळे मिटून हसतात. म्हणतात, 'किती बरं वाटतं हो. प्रश्न विचारला आणि सरळ उत्तर आलं.' त्या एका वेळेला ते कार्ड मी उपडं घालतो.

पण घरी? घरी ते चालत नाही. घरी मी काय करून ठेवलं ते सांगतो, मग तुम्हाला वाळूचं कळेल.

आम्हाला एक लेक. एकुलती. हिच्यासारखी, कमी बोलणारी, म्हणजे मला तरी तसंच वाटायचं. एकदा ही म्हणाली, 'ती कमी नाही बोलत, तुम्ही तिला अर्ध्या वाक्यापर्यंतच बोलू देता.' तर अडीच महिन्यांपूर्वी लेक माझ्याकडे आली. मी पेपर वाचत होतो. हातात एक पत्र. म्हणाली, 'बाबा, ती लांबच्या गावची नोकरी…' कळलं मला! म्हटलं, 'अरे वा! लागली का? सकाळी सव्वासहाची थेट गाडी आहे, फलाट चार, डावीकडची खिडकी धर, ऊन लागत नाही.' झटक्यात! पेपरातून मान वर न करता! मनात म्हटलं, आहे अजून, धार गेलेली नाही.

तिने पत्राची घडी घातली. म्हणाली, 'बरं.' गेली.

दुसऱ्या दिवशी तिने नोकरीला हो कळवलं, आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद. भांडण नाही, आदळआपट नाही. जेवायला समोर बसायची आणि हिला म्हणायची, 'आई, बाबांना मीठ हवंय का विचार.' मी दोन हातांच्या अंतरावर बसलेलो! ही पण कमी नाही, मला म्हणायची, 'अहो, मीठ हवंय का?' 'तिला सांग, नको.' 'नकोय गं त्यांना.' असं चाळीस दिवस. हिला विचारलं, काय झालंय? ही म्हणाली, 'तिने तुम्हाला काय विचारलं होतं, आठवा.' म्हटलं, नोकरीचं काहीतरी. म्हणाली, 'काहीतरी?' आणि भांडी घासायला लागली. मग म्हणाली, 'मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही. ते तिने सांगायचं आणि तुम्ही ऐकायचं.'

रविवारी ती जाणार. आणि मला प्रश्नच माहीत नाही! अहो, सव्वीस वर्षांत माझं उत्तर चुकलं नाही, पण इथे उत्तर देऊन बसलो आणि प्रश्न काय होता तेच ठाऊक नाही. आतल्या तिघांना विचारू? कुणाला? 'तुम्हाला काय वाटतंय' म्हणतील, मला काय वाटतंय ते मला माहीत असतं तर…

काय बाई? 'मागे…' कळलं! मागच्या बाजूला, डावीकडचं दार, दिव्याचं बटण बाहेर आहे. जाऊन या. नको? तुम्ही सारखं माझ्या खांद्यावरून काय बघताय? घड्याळ? ते बरोबर आहे, पाच वीस. मीच आज साडेपाचला सुट्टी घेतलीय, पण घाई नाही, सांगतो का ते.

तर ही वाळू. लहान मॅडम वर्गात वापरतात. पद्धत अशी की ज्याची वाळू, त्याने बोलायचं. दुसऱ्याने संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. मान हलवायची तेवढी. वाळू संपली की दुसऱ्याने म्हणायचं, 'तू असं म्हणालास की…' आणि ऐकलं तेवढंच सांगायचं, पदरचं काही नाही. पहिला म्हणणार, 'हो, हेच,' किंवा 'नाही, हे नाही.' नाही म्हणाला की पुन्हा उलटी. मी आजवर या प्रकाराला हसत आलो. अहो, तीन मिनिटांत मी पूर्ण जिल्ह्याचं वेळापत्रक सांगतो! पण त्या गुरुवारी, सगळे आत असताना, मी ही वाळू उचलली आणि डब्याच्या पिशवीत घातली. चोरीच म्हणा. सव्वीस वर्षांत खिडकीतली साधी पेन्सिल घरी नेली नव्हती.

घरी आलो. चहाची वेळ. लेक टेबलाशी सामानाची यादी करत होती. मी वाळू तिच्यासमोर ठेवली. म्हटलं… काही म्हटलं नाही. पद्धत लिहिलेला कागद पुढे केला. तिने वाचला, माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. हिने गॅस बंद केला, पण वळली नाही, तशीच पाठमोरी उभी. आणि लेकीने वाळू उलटी केली.

बोलली. संपलं. मी म्हणालो, 'तू असं म्हणालीस की नोकरी चांगली आहे, पगार बरा आहे आणि गाव लांब आहे.' ती म्हणाली, 'नाही, हे नाही.' पुन्हा उलटी. पुन्हा बोलली. खरं सांगू का, कुणाला सांगू नका… मी ऐकत नव्हतो. तोंड बंद होतं, पण आत उत्तरं तयार होत होती. मी कुठे तुला जा म्हटलं, मी आपली गाडीची वेळ सांगितली, वेळ सांगणं हा काय गुन्हा आहे… वाळू संपली तेव्हा माझ्याकडे चार उत्तरं तयार होती आणि तिचं एक वाक्य नव्हतं. मी म्हटलं, 'तू असं म्हणालीस की…' आणि पुढे काही नाही. कोरा. ती म्हणाली, 'हं.' अगदी सरांसारखं. म्हटलं, आता उठून जाणार. नाही गेली. तिसऱ्यांदा उलटी केली.

काय बाई? 'अहो, ती मुलगी…' हो हो, मुलीचंच सांगतोय! कळलं मला, पुढे काय झालं ते ऐकायचंय ना? सांगतो. साहेब, बाईंना जरा धीर धरायला सांगा.

तिसऱ्यांदा मी वाळूकडे बघितलं नाही, तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, 'बाबा, त्या दिवशी मी पत्र घेऊन तुमच्याकडे आले. आईकडे नाही, तुमच्याकडे. मला जायचं नव्हतं. मी गेले की तुम्ही दोघंच उरणार, असं सारखं वाटत होतं. मला एवढंच विचारायचं होतं, की मी त्यांना नाही म्हटलं तर तुम्हाला वाईट वाटेल का. आणि मी "बाबा, ती नोकरी" एवढंच म्हणाले, आणि तुम्ही मला फलाट सांगितला. मला वाटलं, बाबांनी माझी गाडीसुद्धा बघून ठेवलीय.'

बघून ठेवलीय म्हणे. अहो, मी कुठली गाडी बघून ठेवलेली नव्हती! मला सगळ्याच पाठ आहेत, त्यात माझा काय दोष? हे जिभेवर आलं होतं, अगदी टोकावर. पण वाळू पडत होती. गिळलं. संपली वाळू. मी म्हटलं, 'तू असं म्हणालीस की तुला जायचं नव्हतं. तू मला विचारायला आलीस. आणि मी विचारू दिलं नाही.' ती म्हणाली, 'हो, हेच.' आणि रडायला लागली, आणि तिकडे ओट्यापाशी ही पदर तोंडाला लावून उभी.

मग माझी पाळी. उलटी केली मी. आणि तुम्हाला सांगतो… शब्द नाही! हा माणूस, जो तुमच्यासमोर न थांबता बडबडतोय, त्याच्या तोंडून तीन मिनिटांत एक अक्षर नाही! सगळी वाळू खाली गेली. नुसता तिच्या यादीतल्या 'छत्री' या शब्दावर मी बोट फिरवत होतो. आणि ती पोर काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, 'तुम्ही असं म्हणालात की मी जाऊ नये, असं तुम्हाला वाटतंय. पण ते तुम्हालाही कुणी विचारलं नाही.'

मी म्हटलं, 'हो. हेच.'

मग तिलाच म्हटलं, राहा मग. अजून वेळ आहे. तर हसली डोळे पुसत. म्हणाली, 'नाही बाबा. तेव्हा जायचं नव्हतं, आता जायचंय. चाळीस दिवस रागात तयारी केली ना, ती करता करता आवडायला लागलं. पण आता विचारून जाते. जाऊ का?' मी लगेच बोललो नाही. मनात पाच आकडे मोजले, आणखी काही विचारायचं असेल तर असू दे म्हणून. मग म्हटलं, जा. डावीकडच्या खिडकीचं ओठांवर आलं होतं, पण नाही बोललो. एवढं तरी जमलं की नाही!

या गडबडीत वाळू घरीच राहिली. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, पालकांचा वर्ग, आणि वाळू गायब! तिघांची बैठक बसली. मी रजिस्टरात डोकं घालून. माझी पाचावर धारण! लहान मॅडम म्हणाल्या, 'कुणीतरी नेली असेल.' सर म्हणाले, 'हं. ज्याने नेली त्याला तिची गरज असणार.' आणि मोठ्या बाई माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या, खिडकीतल्या कुंडीला पाणी घालत म्हणाल्या, 'परत आणायची घाई नाही.' अहो, माणसाने ओरडावं की! रुमाल काढावा लागला मला. सोमवारी परत आणली, तर म्हणाल्या, 'ती आता बाहेरच्या टिपॉयवर राहू दे, तुमच्याजवळ.' वर्गासाठी नवी आणली.

आणि रविवारी फलाट चार. ती खिडकीत, डावीकडे हो, स्वतःहून! गाडी सुरू झाली आणि म्हणते, 'बाबा, महिन्याने शनिवारी पाचच्या गाडीने येते, तुम्ही मला न्यायला याल का?' आता मी शहाणा झालेलो. म्हटलं, घाई नाही करायची. प्रश्न पूर्ण झाला का बघितलं. पाच आकडे मोजले. मग म्हटलं, 'तू असं म्हणालीस की महिन्याने शनिवारी…' आणि गाडी गेली! माझं 'हो' मागच्या गाडीच्या कंडक्टरला ऐकू गेलं. तो म्हणाला, 'काय हो?'

फोनवर नाही सांगितलं मी. हिने विचारलं, का नाही सांगत? म्हटलं, फोनवरचं उत्तर ते काय उत्तर? मी फलाटावर उभा दिसलो की तेच उत्तर. आयुष्यात पहिल्यांदा तिने पूर्ण प्रश्न विचारलाय, उत्तर पण पूर्ण देईन.

तो शनिवार आज आहे. म्हणून सुट्टी. म्हणून हा नवा शर्ट. आणि घाई का नाही म्हणाल, तर पाचची गाडी! ती पाचची गाडी सव्वीस वर्षांत एकदाही सहाच्या आत लागलेली नाही! स्टँड इथे गल्लीच्या तोंडाशी, साडेपाचला निघालो तरी अर्धा तास हातात. ते काही मला सांगायला नको, मी त्या गाडीला तिच्या ड्रायव्हरपेक्षा जास्त ओळखतो. मोठ्या बाई दुपारी म्हणाल्या, 'पाचलाच जा, मी बघते काउंटर,' म्हटलं बाई, कळलं मला, पण तुम्हाला त्या गाडीचं…

काय बाई? पुन्हा? नाही नाही, या वेळी बोला. चारदा तुम्ही काहीतरी म्हणायला गेलात आणि मी… बघा, इथून कार्ड दिसत नाही, तरी मला पाठ आहे. बोला. पूर्ण बोला. मी गप्प.

…

झालं पूर्ण? आणखी काही नाही ना? तुम्ही असं म्हणालात की माझ्या मागे… दारात… एक मुलगी बॅग घेऊन पंधरा मिनिटं उभी आहे. आणि तिनेच तुम्हाला ओठांवर बोट ठेवून खूण केली, पण तुम्हाला राहवेना. काय म्हणालात?

हो. हेच.

…अगं! कधी आलीस? पाचला पाच कमी? वेळेच्या आधी? ती गाडी? फलाटावर थांबलीस माझ्यासाठी? वीस मिनिटं? अगं मी निघणारच होतो, तुला काय वाटलं असेल ते कळलं म…

नाही. नाही कळलं. काही कळलं नाही मला.

साहेब, जरा सरका, तिला बसू दे. बाई, ती वाळू तुमच्या हाताशी आहे, उलटी करता का? माझ्या हाताने नको, मी मध्येच बोलेन. हं. बोल बाळा… आणि बाई, तुमची वेळ आज आणखी तासभर पुढे गेली असं समजा. प्लंबर उठला की आधी माझा नंबर आहे.